रोटरी : आठवड्याच्या बैठकीचा इतिहास

जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या कोणत्याही वर्तमानपत्राचे आतले पान उघडा. सोन्याचांदीचे भाव, बाजार समितीतली आवक आणि निधनवार्ता यांच्या शेजारी एक बातमी हमखास सापडते. अमुक क्लबातर्फे नेत्रतपासणी शिबिर झाले, तमुक शाळेत वह्यांचे वाटप झाले, नव्या अध्यक्षांचा पदग्रहण समारंभ थाटात पार पडला. सोबत छायाचित्र असते. त्यात कोट घातलेले दहाबारा गृहस्थ, अलीकडे काही भगिनीही, आणि मधोमध हातात वही धरून बावरलेला एखादा मुलगा. ज्यांची नावे छापलेली असतात ते ही बातमी वाचतात, बाकीचे पान उलटतात. इतिहास लिहिणारे तर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

मला मात्र या बातमीचे फार दिवसांपासून कुतूहल आहे, आणि त्याचे कारण माझ्या कामात आहे. जवळजवळ तीस वर्षे मी कामगार संघटनेत वावरतो आहे. संघटनेचे सर्वांत अवघड काम कोणते, असे कोणी विचारले तर मी संपाचे नाव घेणार नाही, कराराचेही नाही. काही भांडण उभे नसताना, कसली मागणी अंगावर आलेली नसताना माणसे दर आठवड्याला एकत्र आणून बसवणे, हे सर्वांत अवघड. संपाच्या सभेला मैदान पुरत नाही. एरवीच्या बैठकीला सतरंजीचा कोपराही भरत नाही. आणि इकडे व्यापारी, वकील, डॉक्टर, ज्यांचा तासन्‌तास पैशात मोजला जातो अशी माणसे, शंभराहून अधिक वर्षे ठरल्या वारी, ठरल्या वेळी जमत आली. हजेरी लावतात, चुकल्यास दंड भरतात, आणि मागल्या बैठकीला कोण आले, कोण बोलले, कोणाचा वाढदिवस झाला हे आठवड्याच्या पत्रकात छापून घरोघर पाठवतात. हे त्यांना साधले कसे? या प्रश्नापायी मी रोटरीचा इतिहास वाचू लागलो. कॉलेजची पायरी चढण्याचा योग मला आला नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि बहुधा रात्री. तेव्हा पंडितांच्या पद्धतीने नव्हे, तर एका कार्यकर्त्याने दुसऱ्याच्या संघटनेकडे जसे पाहावे तसे मी तिच्याकडे पाहणार आहे.

रोटरीची पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाली. डिअरबॉर्न रस्त्यावर युनिटी बिल्डिंग नावाची इमारत होती. तिच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चार गृहस्थ जमले. पॉल हॅरिस हा वकील, सिल्व्हेस्टर शील हा कोळशाचा व्यापारी, गुस्टाव्हस लोअर हा खाणींचा इंजिनिअर आणि हायरम शोरी हा शिंपीकामाचे दुकान असलेला. खोली लोअरच्या कचेरीची होती. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, तिच्या पुढची तिसऱ्याच्या, असा फिरता क्रम ठरला आणि त्या फिरण्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडले.

कल्पना हॅरिसची होती. १८६८ साली जन्मलेला हा माणूस व्हर्माँट राज्यातल्या वॉलिंगफर्ड नावाच्या लहानशा गावात आजीआजोबांच्या घरी वाढला. १८९१ मध्ये वकिलीचे शिक्षण संपले आणि मग पाच वर्षे हा गृहस्थ देशभर भटकला. वर्तमानपत्राचा बातमीदार, हॉटेलातला रात्रपाळीचा कारकून, संगमरवराचा फिरता विक्रेता, नाटक कंपनीतला नट, गुरे नेणाऱ्या बोटीवरचा नोकर, अशी नाना कामे करून १८९६ मध्ये त्याने शिकागोत वकिली थाटली. अशिले मिळाली, स्नेही मिळाले नाहीत. सुटीच्या दिवशी खोली खायला उठे. एकदा, १९०० साली, उपनगरात राहणाऱ्या एका वकील मित्राकडे तो जेवायला गेला. जेवणानंतर दोघे फिरायला निघाले तेव्हा तो मित्र वाटेतल्या प्रत्येक दुकानात डोकावे, दुकानदाराला नावाने हाक मारी आणि पाहुण्याची ओळख करून देई. हॅरिसला आपले खेडे आठवले. एवढ्या अफाट शहरात असे नावाने ओळखणारे व्यवसायबंधू आपल्याला का मिळू नयेत, हा विचार त्याच्या मनात घोळत राहिला आणि पाच वर्षांनी त्यातून ती बैठक निघाली.

ही भूक आपल्याला परकी नाही. कोकणातून आणि घाटावरून मुंबईस गेलेल्या गिरणी कामगाराने गाववाल्यांची खोली, खानावळीतला डबा, भजनी मंडळ आणि तालीम उभी केली ती याच भुकेपोटी. फरक एवढाच की शिकागोच्या त्या चौघांना भाड्याची चिंता नव्हती.

परंतु शिकागो हे नाव आम्हा चळवळीतल्या माणसांच्या कानी निराळ्या अर्थाने पडते. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ च्या मे महिन्यात ज्या शहरात कामगार बाहेर पडले, ४ मे रोजी हेमार्केट चौकात बाँब फुटला, आणि पुढल्या वर्षी ११ नोव्हेंबरला पार्सन्स, स्पाईस, फिशर व एंगेल या चौघांना फासावर चढवले गेले, ते हेच शहर. १ मे चा कामगारदिन याच शहराच्या लढ्यातून निघाला. १८९४ मध्ये रेल्वेचे डबे बांधणाऱ्या पुलमन कंपनीतील संप मोडण्यासाठी लष्कर उतरले तेही येथेच. आणि रोटरीच्या पहिल्या बैठकीला दोन महिनेही झाले नव्हते, तोच एप्रिल १९०५ मध्ये शिकागोचे गाडीवान संपावर गेले. कपडे बेतणाऱ्या कामगारांच्या पाठिंब्यासाठी सुरू झालेला तो संप उन्हाळ्यापर्यंत लांबला आणि रस्त्यांवरील मारामाऱ्यांत एकवीस माणसे मेली.

त्याच वर्षी २७ जूनला त्याच शहरात आणखी एक सभा भरली. युजीन डेब्ज, बिल हेवुड, मदर जोन्स यांच्या जोडीला फाशी गेलेल्या पार्सन्सची पत्नी ल्युसी पार्सन्स तिला हजर होती. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ ही संघटना तेथे स्थापन झाली. एक वर्ष, एक शहर, चार महिन्यांचे अंतर, आणि दोन बैठका. दोघींची घटना शेजारी ठेवली म्हणजे मौज दिसते. जूनच्या सभेने ठरवले की सुतार, गाडीवान, खाणकामगार असे भेद न ठेवता सर्व श्रमिकांची एकच मोठी संघटना करावयाची. जितके जास्त तितके बरे. फेब्रुवारीच्या बैठकीतून जी पद्धत रूढ झाली ती नेमकी उलटी. प्रत्येक धंद्याचा एकच माणूस घ्यावयाचा. एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. दुसरा वकील आला की स्पर्धा आली, आणि स्पर्धा आली की स्नेह संपला, हे त्या मंडळींनी ओळखले होते. कामगाराला आपल्याच धंद्यातला माणूस हा आधार वाटतो. व्यापाऱ्याला तो प्रतिस्पर्धी वाटतो. या एका फरकात दोन्ही संघटनांचे निम्मे शास्त्र आहे, असे माझे मत आहे.

आता हे स्पष्टच सांगितले पाहिजे की आरंभी रोटरीत सेवेचा मागमूसही नव्हता. १९०६ च्या नियमांत दोनच उद्देश होते: सभासदांच्या धंद्याची वृद्धी आणि आपसातला स्नेह. कोळसा घ्यावयाचा तर शीलकडून, कोट शिवावयाचा तर शोरीकडे. कोणी कोणाला किती धंदा मिळवून दिला याची नोंद ठेवण्यासाठी क्लबात एक आकडेमोड्या अधिकारी नेमलेला होता. डोनाल्ड कार्टर नावाच्या, पेटंटची कामे पाहणाऱ्या वकिलाला सभासद होण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा त्याने नियम वाचून नकार दिला. जी संस्था आपल्या सभासदांखेरीज कोणाचेच भले करीत नाही ती टिकावयाची नाही, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच्या आग्रहावरून शहराच्या हिताचा तिसरा उद्देश नियमांत घातला गेला. जगातल्या या मोठ्या सेवासंस्थेत सेवा शिरली ती अशी, एका चिकित्सक वकिलाच्या हट्टामुळे आणि तिसऱ्या क्रमांकावर. यात मला कमीपणा वाटत नाही. किती तरी कामगार संघटना पगारवाढीसाठीच जन्मल्या आणि पुढे वाचनालये चालवू लागल्या.

शहरहिताचे पहिले ठोस काम कोणते निघावे? सार्वजनिक शौचालय. १९०७ मध्ये क्लबाने ते हाती घेतले. काम साधे, पण विरोध कोठून आला पाहा. दारू गाळणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने सांगितले की पुरुषांसाठी गुत्त्यांत सोय आहे. मोठमोठ्या दुकानांच्या संघाने सांगितले की स्त्रियांसाठी आमच्या दुकानांत सोय आहे. म्हणजे आत या, आणि आलात की काही तरी विकत घ्या. मनुष्याच्या देहधर्मावरही गिऱ्हाईक मिळवण्याची ही युक्ती होती, आणि ती मोडून काढली ती व्यापाऱ्यांच्याच एका क्लबाने. बरीच खटपट होऊन अखेर नगरपालिकेच्या इमारतीजवळ शौचालय उभे राहिले.

या प्रकरणाला आपण हसू नये. मुंबईसारख्या शहरात स्त्रियांना मोफत, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून ‘राइट टू पी’ या नावाने मोहीम उघडावी लागली ती २०११ साली. बाजारपेठेत दिवसभर पाटी वाहणारी बाई सकाळपासून पाणी प्यायचे टाळते, हे मी माझ्या कामात डोळ्यांनी पाहिले आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कोळसेवाल्याने आणि शिंप्याने निवडलेला विषय त्यांच्या पुढच्या कित्येक पिढ्यांनी निवडलेल्या विषयांपेक्षा खोल होता, असेच मी म्हणेन. वही वाटण्यात कोणी दुखावत नाही. त्या शौचालयात दोन बलाढ्य संघ दुखावले होते.

१९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दुसरा क्लब झाला, आणि त्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर ओकलंडला तिसरा. दर आठवड्याला दुपारच्या जेवणासाठी नियमाने जमण्याचा प्रघात ओकलंडकरांनी पाडला. १९१० पर्यंत सोळा क्लब झाले, त्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९११ मध्ये डब्लिन आणि लंडन, आणि पुढे सारे जग.

या आठवड्याच्या बैठकीचे तंत्र मला फार शिकण्यासारखे वाटते. घंटा वाजते, वेळेवर सुरू, वेळेवर बंद. पाहुण्याचे व्याख्यान वीस-पंचवीस मिनिटांचे, मग आभार. गैरहजर राहिलेल्याने दुसऱ्या गावच्या क्लबात बसून हजेरी भरून काढावी, अशी सोय. त्यामुळे परगावी गेलेला सभासदही त्या वारी तेथला क्लब शोधत जातो आणि अनोळखी गावात त्याला ओळखीची मंडळी भेटतात. आमच्या किती संघटनांत परगावी गेलेला कामगार तेथली कचेरी शोधत जातो? अध्यक्ष दर वर्षी बदलतो, ही दुसरी गोष्ट. कितीही कर्तबगार असला तरी जुलै उजाडला की खुर्ची सोडावी लागते. आमच्या चळवळीत खुर्ची सोडण्याचा प्रसंग बहुधा अंत्ययात्रेच्याच दिवशी येतो. त्याविषयी अधिक न बोलणे बरे.

एका गावच्या क्लबाने मला एकदा किमान वेतन कायद्यावर बोलण्यास बोलावले होते. आदराने बोलावले, शांतपणे ऐकले. सचिवांनी हजेरीची टक्केवारी वाचली, वाढदिवस असलेल्यांनी आनंदाच्या डब्यात नोटा टाकल्या. माझे बोलणे चालू असता भिंतीशी हॉटेलचे चार वाढपी हात बांधून उभे होते. खोलीतला विषय ज्यांच्याविषयी होता ते तेवढे चौघेच. प्रश्नोत्तरांत एका सभासदांनी त्यांच्यातल्या वयस्क वाढप्याला त्याचा पगार विचारला. तो हसला आणि पाण्याचा जग घेऊन आत गेला. पुढच्या आठवड्याच्या पत्रकात माझे भाषण उद्‌बोधक झाल्याचे छापून आले.

कारखानदारांच्या कचेऱ्यांत भिंतीवर एक चौकट टांगलेली असते. हर्बर्ट टेलर नावाच्या शिकागोच्या गृहस्थाने अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची बुडत आलेली कंपनी सावरताना १९३२ मध्ये चार प्रश्न लिहून काढले आणि पुढे रोटरीने ते आपले केले. हे सत्य आहे काय, सर्व संबंधितांना न्याय्य आहे काय, अशा तऱ्हेचे ते प्रश्न. वाटाघाटीच्या वेळी त्यांतल्या दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवण्याची मला सवय आहे. ‘सर्व संबंधित’ या शब्दांत कंत्राटी कामगार येतो की नाही, एवढेच मी विचारतो. उत्तर एकदाही सरळ मिळालेले नाही, पण चहा मात्र लगेच येतो.

रोटरीची थट्टा अमेरिकेतच पुष्कळ झाली. सिंक्लेअर लुइसच्या १९२२ च्या ‘बॅबिट’ या कादंबरीतला नायक अशाच एका क्लबातला गुबगुबीत, स्वतःवर खूष असलेला दलाल आहे. इटलीत ग्राम्शीने फॅसिस्टांच्या तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत रोटरीची टिपणे केली. अमेरिकन धर्तीच्या कारखानदारीबरोबर येणाऱ्या नव्या वर्गाची ही बैठक कशी आहे, हे त्याला समजून घ्यावयाचे होते. थट्टेपेक्षा मला ही जिज्ञासा मोलाची वाटते.

परंतु या संस्थेची खरी कसोटी लागली ती जर्मनीत. तेथे पहिला क्लब १९२७ मध्ये हॅम्बुर्गला निघाला. म्युनिकच्या क्लबात टॉमस मान हा थोर कादंबरीकार सभासद होता. १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळालेला. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात क्लबाने मानला सभासदत्वातून काढून टाकले. कित्येक क्लबांनी आपले ज्यू सभासद असेच कमी केले. वर्षानुवर्षे ज्यांच्या शेजारी बसून जेवलो त्यांची नावे हजेरीच्या यादीतून खोडण्यास काही आठवडे पुरले. नव्या सत्तेशी जमवून घेतले तर क्लब वाचतील, हा हिशेब त्यामागे होता. तो चुकला. नाझी पक्षाने आपल्या सभासदांना आणि सरकारी नोकरांना रोटरीत राहण्यास मनाई केली आणि १९३७ मध्ये जर्मनीतले क्लब विसर्जित झाले.

येथे कामगार चळवळीतल्या माणसाने मान वर करून बोलू नये. त्याच १९३३ मध्ये जर्मनीतील सर्वांत मोठ्या कामगार महासंघाने १ मे च्या नाझी सोहळ्यात सामील होण्यास आपल्या सभासदांना सांगितले. त्याचाही हिशेब हाच होता. दुसऱ्या दिवशी, २ मे ला, नाझींनी संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि पुढाऱ्यांना अटक केली. तेथे वाचण्यास चार वर्षेही मिळाली नाहीत.

आता आपल्याकडे वळू. हिंदुस्थानातला पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यास निघाला. त्याच क्लबातले नितीश लाहारी १९६२-६३ साली सबंध रोटरीचे अध्यक्ष झाले, आणि त्या पदावर बसलेले ते पहिले आशियाई. मुंबईचा क्लब १९२९ चा. हे साल वाचताच मी थबकलो. आदल्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते आणि मे महिन्यात गिरणी कामगार युनियन जन्मली होती. २० मार्च १९२९ ला मीरत खटल्याच्या अटका झाल्या आणि डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर ही मुंबईची मंडळी गजाआड गेली. एप्रिलमध्ये गिरण्या पुन्हा बंद पडल्या. शिकागोत १९०५ साली जे घडले तेच मुंबईत चोवीस वर्षांनी घडले. एकाच शहरात, एकाच वर्षी, एक हजेरीपट हॉटेलात भरत होता आणि दुसरा तुरुंगात. यात कोणाचा कट होता असे मी मानत नाही. शहरात उद्योग वाढला की दोन्ही टोकांच्या माणसांना एकमेकांची गरज लागते, आणि दोन्ही टोके आपापल्या जागी जमतात.

तथापि या दोन टोकांच्या मधून जाणारी एक वाट मुंबईत त्याच्या आधीच पडली होती, आणि रोटरीच्या गोष्टीत तिचा उल्लेख केलाच पाहिजे. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे नारायण मल्हार जोशी, आधी शिक्षक, १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. मुंबईतला रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. जुनी माणसे त्याला डिलाइल रोड म्हणतात. लीगची कामे पाहिली तर कोणत्याही सेवाभावी क्लबाच्या पत्रकात शोभतील अशी. रात्रशाळा, वाचनालये, औषधोपचार, आरोग्याची व्याख्याने, गरिबांना कोर्टकचेरीत सल्ला, सहकारी पतपेढ्या, व्यायामशाळा, चाळीतल्या मुलांच्या सहली. परळचे दामोदर हॉल लीगचेच. याच हॉलात ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बोलावलेली सभा भरली आणि तिच्यातून पुढे जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली.

जोशींचे वैशिष्ट्य असे की ते रात्रशाळेपाशी थांबले नाहीत. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांचा ठरवला होता, आणि तोही सुधारणा म्हणून! बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री पाटीवर काय गिरवणार? शाळेत दिवा लावून बसलेल्याला आज ना उद्या गिरणीच्या भोंग्याकडे पाहावेच लागते. जोशींनी पाहिले. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस भरली, तिच्या संस्थापकांत ते होते. १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून ठराव मांडला आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा आला. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत कापड कामगारांची युनियन उभारली. मवाळ म्हणून डाव्यांनी त्यांना पुष्कळ झोडपले, तरी १९२८ च्या संपात ते त्यांच्याबरोबर बसलेच. सेवेपासून हक्कापर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या पंधरा वर्षांत झाला. रोटरीने तो केला नाही, कारण तिच्या टेबलाशी ज्याला हक्क मागायचा तो माणूस बसलेलाच नव्हता.

टेबलाशी कोण बसणार या प्रश्नावर रोटरीला एकदा न्यायालयाने भाग पाडले. कॅलिफोर्नियातील दुआर्ते नावाच्या लहान क्लबाने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतले. मुख्य संघाने त्या क्लबाची मान्यताच रद्द केली. बरीच वर्षे खटला चालला आणि ४ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबाच्या बाजूने निकाल दिला. १९८९ मध्ये नियम बदलले. २०२२ साली जेनिफर जोन्स या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झाल्या. म्हणजे तिसरा उद्देश नियमांत यायला एक वर्ष लागले. निम्मी मनुष्यजात यायला चौऱ्याऐंशी.

आणि तरीही, रोटरीच्या हातून जे एक काम झाले आहे त्यापुढे टोपी काढलीच पाहिजे. ते म्हणजे पोलिओ. १९७९ मध्ये फिलिपाइन्समधल्या साठ लाख मुलांना डोस देण्यापासून हे सुरू झाले, १९८५ मध्ये साऱ्या जगासाठी कार्यक्रम जाहीर झाला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने ठराव केला तेव्हा सव्वाशे देशांत वर्षाला साडेतीन लाख मुले पोलिओने पांगळी होत असत. बारा कोटी डॉलर जमवण्याचा रोटरीचा संकल्प होता, जमले त्याच्या दुप्पट. आपल्याकडे डिसेंबर १९९५ पासून देशव्यापी पल्स पोलिओ सुरू झाला. पुढे एकेका मोहिमेत सुमारे सतरा कोटी बालकांना डोस पाजले जात. नैसर्गिक पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण हावडा जिल्ह्यात १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पंचवीस-तीस वर्षे एकच काम न कंटाळता धरून ठेवणे, दर वर्षी अध्यक्ष बदलत असताना धरून ठेवणे, ही त्या आठवड्याच्या बैठकीची करामत आहे. पत्रकाच्या प्रत्येक अंकात पोलिओची चार ओळींची का होईना बातमी येत राहिली.

मात्र दोन थेंब बाळाच्या तोंडात पडले ते कोणाच्या हातून? रविवारच्या केंद्रावर पिवळे जाकीट घालून बसलेले रोटरीचे सभासद होते, हे खरे. परंतु त्यानंतरचे चार-पाच दिवस खांद्याला लसीची थंड पेटी लावून, वस्तीत, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर, बसस्थानकावर सुटलेले मूल शोधत फिरली ती अंगणवाडी सेविका, मदतनीस, आणि २००५ नंतर आशा ताई. बोटाला शाई लावायची, दारावर खडूने खूण करायची, उद्या पुन्हा यायचे. तिला पगार नाही, मानधन. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका. कलकत्त्यापासून मुंबईपर्यंतच्या क्लबांत ‘सेवा’ हा शब्द ज्यांनी आपखुशीने घेतला त्यांना तो शोभला. या बाईवर तो लादला गेला. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कर्नाटकी प्रकरणात अंगणवाडी सेविका या सरकारी पदधारक नाहीत असे म्हटले. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयाने गुजरातेतल्या प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटी कायद्याचा हक्क आहे असे ठरवले. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती मोहिमा झाल्या आणि किती दारांवर खडूच्या खुणा झाल्या, ते ज्याचे त्याने मोजावे.

रोटरीने २०१६ साली आपल्या नियमांत मोठा बदल केला. आठवड्याची सक्ती उठली; महिन्यातून दोनदा जमले तरी चालते. शहरांत अंतरे वाढली, तरुण सभासदांना वेळ नाही, ही कारणे. आमच्याकडेही आता अनेक बैठका मोबाइलवरच्या निरोपांतच आटोपतात. अंगणवाडी सेविकांची मात्र महिन्याची बैठक चुकत नाही, कारण ती सरकारनेच लावलेली आहे. तालुक्याच्या कचेरीत अहवाल द्यायला साऱ्या जणी येतात, साहेबांची वाट पाहत व्हरांड्यात बसतात. साहेबांना बहुधा उशीर होतो. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ ला त्यांचा जो संप सुरू झाला आणि जानेवारी संपत येईपर्यंत चालला, त्याच्या पावत्या आमच्या तालुक्यात त्याच व्हरांड्यात फाडल्या गेल्या.